डाव्या अंगाला

माझ्या माहेरी कोणी हात उंच केला की बाकीचे सगळे खाली वाकायचे. आई फळीवरचा डबा काढायला हात वर न्यायची आणि जेवायला बसलेले बाबा ताटावर ओणवे व्हायचे. दोरीवर धोतर टाकायला कोणी हात उचलला की अंगणातले दोघेतिघे एकदम माना पाडायचे. पाहुण्यांना हसू यायचं. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे. आमचं घर सावरगावचं, जाम नदीच्या काठावरचं, आणि घरातले पुरुष पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत उभे राहून गोटे मारत आणि गोटे खात. हात वर गेला म्हणजे गोटा येणार, हे त्यांच्या मानेला ठाऊक होतं, डोक्याला विचारावं लागत नसे.

ही गोटमार बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो आधी हसतो आणि मग आपल्याकडे संशयाने बघतो. नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्याला सावरगाव. त्या दिवशी नदीच्या मध्यात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. पांढुर्ण्याच्या लोकांनी येऊन ते तोडायचं, सावरगावच्या लोकांनी येऊ द्यायचं नाही. हत्यार एकच, गोटा. कोणी म्हणतं, पांढुर्ण्याच्या पोराने सावरगावची पोरगी पळवली होती आणि दोघं नदीत गोट्यांनी मेली, तिथून हे सुरू झालं. खरं असेल. दोघं मेली म्हणून दरवर्षी आणखी काहींनी मरावं, हा उपाय मात्र आमच्याच लोकांना सुचू जाणे.

मला दिलं समोरच्या काठावर, पांढुर्ण्यात. आमच्याकडे सोयरीक जुळवताना नदी आड येत नाही. वर्षभर एकमेकांकडे चहा प्यायचा, लग्नात एकमेकांच्या वरातीत नाचायचं आणि एक दिवस एकमेकांची डोकी फोडायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुलावरून जाऊन विचारायचं, टाके किती पडले? एकच गोष्ट विचारायची नाही, गोटा कोणाचा होता ते. ही आमची रीत. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, गोट्याला नाव नसतं.

माझा नवरा संत्र्याची कलमं बांधायचा. बोलताना मी त्याला 'अहो' आणि 'तुम्ही' म्हणत असे. लिहिताना एवढा मान द्यायची माझी इच्छा नाही. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाच्या सालीला चाकूने चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा कोंब अलगद सोलून त्या चिरेत बसवायचा, वरून घट्ट पट्टी बांधायची. त्या कोंबाला डोळा म्हणतात आणि या कामाला डोळा भरणं. सौसरपर्यंत, लोधीखेड्यापर्यंत त्याला रोपवाटिकांमधून बोलावणी यायची. त्याने भरलेला डोळा वाया जात नाही, असं लोक म्हणत. आणि ऐंशीच्या दशकातल्या एका गोटमारीत त्याचा स्वतःचा डावा डोळा गेला.

गालाखाली ओंजळ धरून तो नदीवरून घरी चालत आला होता. ओंजळीत काय आहे ते मला बघवलं नाही. सासूबाईंनी देवीच्या देवळातली राख आणली आणि जिथे डोळा होता तिथे भरली. मी त्यांचा हात धरून ओढला तर त्या मलाच म्हणाल्या, "देवीवर विश्वास नाई का तुहा?" नागपूरच्या डॉक्टरांनी ती राख धुऊन काढली, तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. डॉक्टर म्हणाले, हा तर गेला, उरलेला सांभाळा.

तो उरलेला डोळा म्हणजे आमचं पोट होतं. चाकूची चीर केसाएवढी चुकली की कलम वाळतं. सुरुवातीला चुकली, खूप चुकली. चहा बशीत ओतायला जायचा आणि बशीशेजारी ओतायचा. डाव्या बाजूचा प्रत्येक दरवाजा त्याच्या खांद्याला लागायचा. पण तो हट्टी होता. रोज बसून, एका डोळ्याने, पुन्हा कलम बांधायला शिकला. वर्ष संपत आलं तेव्हा पूर्वीच्या निम्म्या वेगाने का होईना, कामं मिळायला लागली होती. आणि त्याच सुमाराला तो नदीवर जायची गोष्ट काढायला लागला.

मी चिडले. चिडणं हा माझा जन्माचा धंदाच आहे, पण त्या वर्षी मी चिडून रडलेही. घरात काही उपयोग झाला नाही. म्हणून राखीच्या दिवशी माझे दोघे भाऊ पुलावरून आले, तेव्हा मी राखी ताटात तशीच ठेवली. मी दोघांपेक्षा लहान. मोठ्याला मी दादा म्हणत असे, मधल्याला नुसतंच भाऊ. नवऱ्याचा एक जिवलग मित्र होता, शेजारचाच, संत्र्याच्या पेट्या भरायच्या कामावरचा. त्यालाही बोलावून घेतलं.

"राखी बांधीन, पन आधी चौघंही ओट्यावर बसा," मी म्हटलं. "बोलायचं हाय."

"बोल नं, बाई," दादा म्हणाला.

"यंदा हे नदीत उतरनार नाईत. तुमी चौघं मिळून तसं ठरवा आन मले सांगा. हेच माही ओवाळनी."

चौघे ओट्यावर बसले, मी चौकटीला टेकून उभी राहिले. नवरा लगेच उसळला. "घरात बसू? लोकं म्हनतीन काना भेला, बायकोच्या पदराआड लपला."

"लोकं तं काईबी म्हनतेत," मित्र म्हणाला. "आंधळा मागते एक डोया आन देव देते दोन. तुहं उलटं झालं. दोन होते, एक रायला. तोबी देऊन टाकतं काय?"

"तू जाशीनच नं? मंग मी काहून नाई?"

असं बराच वेळ चाललं. गाढवापुढे गीता. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझं लक्ष त्यांच्या अंगांकडे गेलं. दादा पुढे झुकला की मित्र झुकायचा. मित्राने मांडी बदलली की भाऊ बदलायचा. दादाने तंबाखूला चुना लावून मळायला घेतला, तर त्या दोघांचे अंगठेही आपापल्या तळहातावर फिरायला लागले, हातात काही नसताना. बोलण्यात तिघं तीन दिशांना होते. दादा म्हणत होता जाऊ नये, मित्र म्हणत होता त्याची मर्जी, भाऊ काही बोलतच नव्हता. पण अंगं एकाच जुवाखाली जुंपल्यासारखी हलत होती. दादा आणि हा मित्र, दोघं समोरासमोरच्या काठांवरचे. वर्षानुवर्षं त्यांनी एकमेकांवर नेम धरला होता, एकमेकांचा खांदा हलला की गोटा कुठे येणार ते ओळखलं होतं. मला तोवर वाटायचं, माणसं जुळतात ती मायेने. पण मारामारीनेसुद्धा जुळतात, आणि जास्त पक्की जुळतात, हे मी त्या ओट्यावर पाहिलं आणि मला किळस आली.

माझा नवरा मात्र त्यांच्या तालात नव्हता. ते हसले की तो मागाहून हसायचा. ते झुकले की तो मान वळवून बघायचा आणि मग झुकायचा.

वर पत्र्याच्या कडेला गांधीलमाशी घोंगावत होती. दादा नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसला होता. त्याने तिला हाकलायला एकदम हात उचलला. मित्र आणि भाऊ दोघंही त्याच क्षणी उजवीकडे वाकले, कपातला चहा सांडेपर्यंत. आणि नवरा सरळ बसून राहिला. त्याला तो हात दिसलाच नव्हता.

तिघं मोठ्याने हसले. मग एकदम गप्प झाले. सगळ्यांना एकच गोष्ट कळली होती, आणि नवऱ्यालाही कळली होती, कारण त्याचा चेहरा उतरला.

मला वाटलं, झालं, आता हे त्याला घरी बसवतील. हाताच्या काकणाला आरसा कशाला? तेवढ्यात भाऊ उठला. त्याने आपला कप उचलला, दादाला म्हणाला, "सरक," आणि नवऱ्याच्या डाव्या बाजूला, खांद्याला खांदा लावून बसला.

"काना बैल कसा जुपतेत, जवाईबुवा?" त्याने विचारलं.

नवरा म्हणाला, "आंधळी बाजू जोडीदाराकडे."

"मंग?" भाऊ म्हणाला. "दादा, उचल हात."

दादाने हात उचलला. भाऊ वाकला. त्याचा खांदा नवऱ्याच्या खांद्यावर दाबला गेला आणि नवराही वाकला, अगदी बरोबर, मित्रासोबत. पुन्हा हात, पुन्हा सगळे वाकले. तिसऱ्यांदा चौघेही हसायला लागले आणि या वेळी नवरा मागाहून हसला नाही. वर्षभरात तो असा हसला नव्हता. त्यांचं ठरलं होतं. कोणी 'ठरलं' म्हटलं नाही, मला कोणी विचारलंही नाही. त्याला घरी ठेवायला मी बैठक बोलावली, आणि बैठकीने त्याला न्यायचं कसं ते ठरवलं. माझा भाऊ सावरगावचा, तो पांढुर्ण्याच्या बाजूने नदीत उतरणार होता, आपल्याच गावाच्या गोट्यांसमोर. हे त्या हसण्यात कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

मी राख्या बांधल्या. भावाला एवढी घट्ट बांधली की तो म्हणाला, "बाई, कलम बांधून रायली का?"

मग ते शिकायला लागले. संत्र्याची गळ झाली होती, झाडांखाली हिरवी कडक फळं पडलेली असायची. मित्र ती उचलून मारायचा आणि हे दोघं खांद्याला खांदा लावून चुकवायचे. भाकरी घेऊन गेले की मी बघत उभी राहायचे. पहिल्या दिवशी नवऱ्याच्या गालावर, मानेवर, छातीवर निळे डाग पडले. हिरवं संत्रं जवळून लागलं तर गोट्यापेक्षा थोडंच कमी. चुकत होतं ते एकाच जागी. भाऊ वाकायचा तो उजवीकडे, नवऱ्याच्या अंगावर. नवऱ्याने त्याच वेळी वाकायला हवं, नाहीतर भाऊ भिंतीला टेकल्यासारखा मध्येच अडकायचा आणि मग दोघांनाही लागायचं. नवरा वाकायला उशीर करायचा, कारण त्याचा उजवा डोळा आपलं आपण काहीतरी बघत असायचा.

"डोयानं पाहू नका, जवाईबुवा," भाऊ ओरडायचा. "खांद्यानं पाहा!"

तो त्याला उजवा डोळाही मिटायला लावायचा. दोन्ही डोळे बंद, आणि समोरून संत्री येतायत. हळूहळू नवऱ्याला जमायला लागलं. शेवटी शेवटी तर इतकं, की दोघं चालतानाही पाय एकदम पडत. एकाने खोकलं तर दुसरा घसा खाकरे. पोळ्याआधीच्या एका दुपारी माझाच संताप अनावर झाला. डबा खाली ठेवला, एक संत्रं उचललं आणि जीव खाऊन नवऱ्याच्या तोंडावर मारलं. दोघं एकदम खाली गेले. संत्रं मागच्या खोडावर फुटलं. मला आनंद झाला. तो आनंद आठवला की आजही माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं, पण झाला होता हे खरं.

पोळ्याच्या संध्याकाळी दादा आला. बैलांना ओवाळून झालं होतं, मी पुरणाची पोळी वाढत होते. भाऊ आमच्याकडेच होता. दादाने पोळीला हात लावला नाही.

"तू उद्या तिकडून उतरशीन तं गाव काय म्हनीन?"

भाऊ पोळीवर तूप घेत होता. "काय म्हनीन? गोटा मारीन. दुसरं येते काय आपल्या गावाले?"

"मस्करी नोको करू."

"मस्करी नाई. बाईनं मांगतलं का नाई, जवाईले सांभाळा म्हनून? तुह्यानं होत नसन, मी करून रायलो."

मी हे मागितलं नव्हतं. मी वेगळंच मागितलं होतं. पण दोघं भाऊ एकमेकांकडे बघत होते आणि मी पुढची पोळी वाढली. दादा उठला. जाताना एवढंच म्हणाला, "उद्या मी तुले वळखनार नाई. तूबी मले पाहू नोको."

दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या एका घराच्या गच्चीवर आम्ही बायका उभ्या होतो. खाली काठावर गोट्यांचे ढीग. ढोल सकाळपासून वाजत होते, आणि त्या ढोलांच्या मधून गोट्यावर गोटा आदळल्याचा आवाज. थोड्या थोड्या वेळाने कोणालातरी चौघं उचलून आणत, त्याचं डोकं मागे लोंबत असे, आणि त्याला ठेवायच्या आत दुसरे त्याच्या जागेवर उतरलेले असत. एकाचा कान अर्धा लोंबत होता. तो तसाच परत जाऊ लागला तर त्याच्या आईने केस धरून त्याला खाली पाडलं. काठावरच्या लोकांनी तिलाच शिव्या घातल्या. मला त्या बाईचा हेवा वाटला. मलाही तेच करायचं होतं आणि मी गच्चीवर उभी होते.

दुपार कलल्यावर ते दोघं उतरले. त्यांच्या मागे मित्र. आणि खरं सांगते, ते बघण्यासारखं होतं. सगळ्या त्या वेड्यावाकड्या पळापळीत दोघंच माणसं शांतपणे चालत होती, खांद्याला खांदा, पायाला पाय. खाली जात, वर येत, पुन्हा पुढे. गोटे डोक्यावरून जात होते. गच्चीवरच्या बायका बोटं दाखवायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "जोडी पाहा, जोडी!" ते पळसापासून थोड्याच अंतरावर पोचले.

आणि तिथे सावरगावच्या काठाला माझा भाऊ ओळखू आला.

मला ते वरून दिसलं. आतापर्यंत गोटे पडतील तिथे पडत होते. आता ते एका जागी पडायला लागले. समोरच्या काठावरून त्याचं नाव घेऊन शिव्या आल्या, आमच्या आईच्या नावाने आल्या. आधी हात वेगवेगळे उठत होते, आता ते एकदम उठायला लागले, एकदम खाली यायला लागले. ओट्यावर पाहिलेला तोच ताल, फक्त आता शेकडो हातांचा. मी दादाला शोधत होते. तो पुढेच उभा होता, हाताची मूठ वळलेली. "दादा! दादा, नोको!" मी ओरडले, घसा फाटेपर्यंत. ढोलांपुढे कोणाला ऐकू जाणार? सगळे हात वर गेले. त्यात दादाचा होता की नव्हता, मला दिसलं नाही. मी त्याच्याकडेच बघत होते तरी दिसलं नाही.

भाऊ उजवीकडे वाकला. आणि अडकला. नवरा सरळ उभा होता.

गोटा भावाच्या डाव्या कानशिलावर बसला. आवाज गच्चीपर्यंत आला, ओला नारळ दगडावर आपटावा तसा. भाऊ आधी गुडघ्यांवर बसला. मग पुढे पाण्यात. पाणी पोटरीएवढंच होतं आणि ते लगेच लाल झालं. तरी गोटे थांबले नाहीत, पडलेल्याच्या पाठीवर दोन-तीन आणखी बसले. माझा नवरा त्याच्याशेजारी उभा होता आणि डाव्या हाताने हवेत चाचपत होता. खाली बघायचं त्याला सुचत नव्हतं. मित्राने येऊन भावाला काखेत धरून ओढलं, तेव्हा त्याला कळलं.

नागपूर यायच्या आत भाऊ गेला. मनगटावर राखी तशीच होती, भिजून आकसलेली, सुटता सुटेना. नवऱ्याला साधा ओरखडाही नव्हता. त्याचा डोळा वाचला होता. त्या संध्याकाळी झाड तुटलं की नाही, झेंडा कोणी नेला, मला माहीत नाही. कोणी सांगायला लागलं तर मी उठून जाते.

गाडीत नवरा एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता. "उजव्या बाजूनं गोटा येऊन रायला होता. मले दिसला. तो वाकला, मी नाई वाकलो." त्याला उजव्या डोळ्याने दिसलेला तो गोटा हातभर लांबून गेला होता.

तिसऱ्या दिवशी सावरगावला, माझ्या बापाच्या घरी, राख सावडून पुरुष परत आले. अंघोळी करून ओट्यावर बसले. दादा, मित्र आणि नवरा. आई आत पडून होती. मी सगळ्यांना पाणी दिलं. दादाने मांडी बदलली, मित्राने बदलली. दादाने तोंडावरून हात फिरवला, मित्रानेही फिरवला. माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"कोनाचा गोटा होता?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या घरात हे कोणी कधी विचारलं नव्हतं.

"बाई," दादा म्हणाला. "आत जा."

"मी गच्चीवरून पाहून रायली होती. तुहा हात वर होता का नाई? तुह्या हातातून सुटला काय? सांग नं, कोनाचा होता?"

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गोट्याले नाव नसते."

मी हातातला तांब्या फेकला आणि त्याच्या थोबाडीत मारायला हात उगारला. चांगला उंच, डोक्यावर. दादा वाकला. मित्र वाकला. आतल्या दारात उभे असलेले बाबासुद्धा वाकले. सगळे एकदम, उजवीकडे, जसे ते आयुष्यभर वाकत आले होते.

नवरा ओट्याच्या डाव्या टोकाला बसला होता. मी त्याच्या उजव्या डोळ्यासमोर होते, माझा हात त्याला स्वच्छ दिसत होता. पण त्याने हाताकडे बघून मान पाडली नाही. त्याने डोळा मिटला आणि डाव्या बाजूला रेलला, खांद्याला खांदा लावायला. तिथे कोणी नव्हतं. तो तसाच कलत गेला आणि ओट्यावरून खाली अंगणात कोसळला.

तो पडला तसाच पडून राहिला. डोळा मिटलेला, डावा हात मातीत काहीतरी चाचपत होता. ओट्यावरचे दोघं अजून वाकलेलेच होते. माझा हात अजून वरच होता, तो मी खाली घेतला. राग गेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण त्याला उठवायला कोणीच हललं नाही, तेव्हा मी खाली उतरले आणि त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसले.